गाठ हाताला लागतेय, एमआरआय नॉर्मल आलाय, मग बायोप्सी कशाला?

मागच्या अंकात मॅमोग्राफीबद्दल, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांमध्ये स्तनाच्या एमआरआयचेच प्रश्न जास्त निघाले, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. पत्रं लांब होती ती छोटी केलीत आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ४४. डाव्या स्तनात दोन महिन्यांपासून गाठ लागतेय, दुखत वगैरे नाही. सोनोग्राफी, मॅमोग्राफी झाली, रिपोर्टमध्ये बायरॅड्स ४ लिहिलंय आणि सर्जननी सुईची बायोप्सी सांगितली. मला सुईची खूप भीती वाटते, त्यात जाऊबाई म्हणाल्या की सुई लागली की गाठ पसरते, त्यापेक्षा एमआरआय करून घे त्यात सगळं दिसतं. तो केला आणि संशयास्पद काही नाही असं आलंय. आता बायोप्सी टाळता येईल ना?

उत्तर: नाही ताई, टाळू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल, पण आधी सर्जनना फोन करून बायोप्सीची तारीख घ्या.

आता कारण सांगते. एमआरआयमध्ये आपण गाठीचा नुसता फोटो काढत नाही, हातातल्या शिरेतून गॅडोलिनियमचं काँट्रास्ट, म्हणजे फोटोत उजळून दिसणारं औषध, देतो आणि ते स्तनात कुठे, किती आणि किती लवकर शिरतंय ते बघतो. कॅन्सर वाढायला लागला की तो स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करून घेतो, त्या कच्च्या आणि गळक्या असतात, त्यामुळे काँट्रास्ट तिथे पहिल्या एक-दोन मिनिटांतच भरतं आणि बरेचदा तितक्याच लवकर बाहेर पडायला लागतं. साध्या गाठीत बहुतेक वेळा ते हळूहळू भरत राहतं. मशीन इंजेक्शनच्या आधी एकदा आणि नंतर पुन्हा पुन्हा फोटो घेतं ते याचसाठी. म्हणजे एमआरआयला दिसतो तो रक्तपुरवठा, आणि ज्या कॅन्सरला रक्तपुरवठा कमी असतो, जसे काही लोब्युलर प्रकारचे (दूध तयार करणाऱ्या ग्रंथीत सुरू होणारे) किंवा दुधाच्या नळीतच असलेले मंद वाढीचे कॅन्सर, ते एमआरआयमधून सुटू शकतात. शिवाय मॅमोग्राफीत कॅल्शियमचे जे बारीक ठिपके दिसतात, ज्यावरून कितीतरी सुरुवातीचे कॅन्सर पकडले जातात, ते ठिपके एमआरआयमध्ये दिसतच नाहीत. एमआरआय ही स्तनाची सगळ्यात संवेदनशील तपासणी आहे हे खरंच, दहातले नऊ किंवा त्याहून जास्त कॅन्सर ती पकडते, पण उरलेल्यांत आपण नाही ना हे फोटो बघून सांगता येत नाही.

बायरॅड्स ४ चा अर्थही नीट समजून घ्या. रेडिओलॉजिस्टला कॅन्सरची शक्यता २ ते ९५ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी वाटतेय असा तो शेरा आहे. पट्टा खूप मोठा आहे, त्यामुळे तो शेरा वाचून कॅन्सरच झालाय असं समजून रडत बसू नका, या गटातल्या कितीतरी गाठी साध्या निघतात. पण या गटात पुढची पायरी एकच, तुकडा काढून तपासणं. हाताने तपासणी, मॅमोग्राफी-सोनोग्राफी आणि बायोप्सी या तिन्हींचं एकमेकांशी जुळलं पाहिजे, आणि एक जरी संशय दाखवत असेल तरी दुसरी नॉर्मल आली म्हणून ती पुसली जात नाही.

सुईने कॅन्सर पसरतो ही भीती मला जवळपास रोज ऐकायला मिळते आणि या भीतीने जे महिने वाया जातात त्याचं मला खरंच वाईट वाटतं. कोर बायोप्सी ही जगभर कित्येक दशकं चाललेली पद्धत आहे, तिच्यामुळे बाईचं आयुष्य कमी होतं असं दिसलेलं नाही. जागा बधिर करतात, सोनोग्राफीत बघत बघत सुई नेतात, बारीक तुकडे घेतात, अर्ध्या तासाच्या आत तुम्ही उठून बसता, थोडं निळं पडतं, एखादा दिवस दुखतं. आणि समजा कॅन्सर निघालाच तर ईआर, पीआर (दोन्ही हार्मोनच्या), हर२ (एका प्रथिनाची) या तपासण्या त्याच तुकड्यावर होतात, सगळी ट्रीटमेंट त्यावरून ठरते आणि ती माहिती कितीही भारी एमआरआय केला तरी त्यातून मिळत नाही.

प्रश्न: मी ३१ वर्षांची. आईला ४० व्या वर्षी आणि मावशीला ४३ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला. माझी जीन टेस्ट केली, बीआरसीए१ पॉझिटिव्ह आली. मला दर वर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी दोन्ही सांगितलंय. दोन्ही कशाला? आणि दर वर्षी ते काँट्रास्ट शरीरात जाऊन काही होणार नाही ना?

उत्तर: तुमच्यासारख्यांसाठी एमआरआयची गरज कुणी वादात काढत नाही. बीआरसीए१ या जीनमध्ये बदल असलेल्या बाईला ऐंशीव्या वर्षापर्यंत ब्रेस्ट कॅन्सर होण्याची शक्यता साधारण ७० टक्क्यांच्या आसपास धरतात, आणि तो लहान वयात होतो, जेव्हा स्तन दाट असतात आणि मॅमोग्राफीत गाठ लपून जाते. त्यामुळे २५ ते २९ या वयात दर वर्षी एमआरआय, आणि तिशीपासून त्याच्या जोडीला मॅमोग्राफी, असं आता बहुतेक ठिकाणी धरलं जातं. तिशीच्या आत मॅमोग्राफी टाळतात कारण हा बदल असलेल्यांच्या पेशी एक्स-रेला जास्त नाजूक असाव्यात असं मानतात, एमआरआयमध्ये एक्स-रे नसतातच. दोन्ही का, तर मघाशी लिहिलं ते कॅल्शियमचे ठिपके मॅमोग्राफीच दाखवते. बरेच डॉक्टर दोन्ही एकदम न करता सहा-सहा महिन्यांच्या अंतराने करायला सांगतात म्हणजे वर्षातून दोनदा कुणीतरी बघतं, मला स्वतःला ही पद्धत आवडते.

गॅडोलिनियमचा अगदी थोडा अंश शरीरात, मेंदूतसुद्धा, राहतो हे खरं आहे. त्याने किडनी नॉर्मल असलेल्या माणसाला अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण तरी हल्ली मॅक्रोसायक्लिक प्रकारचं काँट्रास्ट वापरतात ज्याचा अंश कमी राहतो. सेंटरवर विचारा, कोणतं देता म्हणून, विचारायला काही हरकत नसते. तुमच्या बाबतीत फायदा इतका मोठा आहे की मी या कारणासाठी एमआरआय सोडू देणार नाही.

तारीख घेताना पाळी सुरू झाल्यापासून सातवा ते चौदावा दिवस यामधली घ्या. बाकीच्या दिवसांत हार्मोन्समुळे नॉर्मल स्तनही काँट्रास्ट घेतो, सगळं उजळतं आणि मग नसलेल्या गोष्टी दिसल्यासारख्या वाटतात.

आणि एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाहीये. एमआरआय कॅन्सर लवकर पकडतो, थांबवत नाही. बीआरसीए१ मध्ये ओव्हरीच्या कॅन्सरचा धोकाही मोठा असतो, त्यावर हा एमआरआय लक्ष ठेवत नाही, आणि ३५ ते ४० या वयात मुलंबाळं झाली असतील तर ओव्हरी आणि नळ्या काढण्याबद्दल बोलतात. ते बोलणं जेनेटिक काउन्सेलरकडे आत्ताच सुरू करा. भाऊ असेल तर त्यालाही टेस्टबद्दल सांगा, हा बदल मुलग्यांकडेही तितकाच येतो आणि त्यांच्याकडून पुढच्या मुलींकडे जातो.

ज्यांच्या घरात फक्त एका आत्याला सत्तरीत कॅन्सर झाला होता आणि म्हणून दर वर्षी एमआरआय हवाय अशीही पत्रं आहेत. त्यांनी आधी आपला धोका काढून घ्यावा. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २००७ साली जी रेषा आखली ती आयुष्यभराचा धोका २० ते २५ टक्के किंवा जास्त अशी आहे, शिवाय १० ते ३० या वयात छातीला रेडिएशन मिळालेल्या बायका त्यात येतात. एका उतारवयातल्या आत्यामुळे सहसा इतका धोका होत नाही.

प्रश्न: वय ५३, घरात कुणाला कॅन्सर नाही. मॅमोग्राफी नॉर्मल आहे पण खाली लिहिलंय की स्तन अतिशय डेन्स आहेत, प्रकार डी. हा आजार आहे का? एमआरआय करू का?

उत्तर: आजार अजिबात नाही. स्तनात चरबी कमी आणि ग्रंथी-तंतू जास्त असले की त्याला डेन्स म्हणतात, साधारण दहातल्या एका बाईचे स्तन डी प्रकारात येतात. अडचण अशी की मॅमोग्राफीत हे तंतू पांढरे दिसतात आणि कॅन्सरही पांढराच दिसतो. शिवाय डेन्स स्तनांत कॅन्सरचा धोकाही थोडा जास्त असतो.

तुमच्या प्रश्नावर चांगला मोठा अभ्यास झालेला आहे. नेदरलँड्समध्ये ५० ते ७५ वयाच्या, मॅमोग्राफी नॉर्मल पण स्तन अतिशय डेन्स अशा ४० हजारांहून जास्त बायका घेतल्या, त्यातल्या काहींना जास्तीचा एमआरआय देऊ केला, निकाल २०१९ मध्ये आले. दोन मॅमोग्राफीच्या मधल्या काळात जे कॅन्सर अचानक उगवतात ते एमआरआय देऊ केलेल्या गटात हजारी २.५ निघाले आणि दुसऱ्या गटात हजारी ५. ज्यांनी खरंच एमआरआय करून घेतला त्यांच्यात तर हजारी १ पेक्षाही कमी. हा फायदा खरा आहे. पण पहिल्या फेरीत हजारी ८० च्या आसपास बायकांना उगीचच बोलावणं आलं, म्हणजे काहीतरी दिसलं, पुढच्या तपासण्या झाल्या, आणि शेवटी कॅन्सर नव्हता. दुसऱ्या फेरीत हा आकडा बराच खाली आला, हजारी २६ च्या आसपास, कारण तुलनेला जुना एमआरआय हातात होता. मृत्यू कमी होतात का हे त्या अभ्यासातून सिद्ध झालेलं नाही.

त्यानंतर युरोपातल्या ब्रेस्ट इमेजिंगच्या संघटनेने २०२२ मध्ये ५० ते ७० वयाच्या अतिशय डेन्स स्तनांच्या बायकांना दोन ते चार वर्षांतून एकदा एमआरआय द्यावा अशी शिफारस केली. तेव्हा ताई, तुम्ही त्या गटात बसता, करायला हरकत नाही, मी तर करा म्हणेन, फक्त आधी मनाची तयारी ठेवा की काहीतरी दिसून पुन्हा बोलावणं येऊ शकतं आणि ते आलं तरी बहुतेक वेळा काही निघत नाही. मॅमोग्राफी मात्र सोडायची नाही. आणि प्रकार सी किंवा बी, म्हणजे यापेक्षा कमी डेन्स, असेल तर हे आकडे तुम्हाला लागू करू नका.

प्रश्न: माझ्या मिसेसला (वय ४९) कॅन्सरचं निदान झालंय, गाठ २ सेंटिमीटर, सर्जन म्हणाले स्तन वाचवून ऑपरेशन होईल. मग एमआरआय केला, त्यात त्याच स्तनात गाठीपासून ४ सेंटिमीटर अंतरावर अजून एक ठिपका आला. आता घरचे सगळे म्हणतायत रिस्क नको, पूर्ण स्तन काढून टाका. ती रडतेय. काय करू?

उत्तर: दादा, त्या ठिपक्याची बायोप्सी झाल्याशिवाय पूर्ण स्तन काढायचा निर्णय घेऊ नका. हे मी ठामपणे सांगतेय. एमआरआय जितका संवेदनशील आहे तितका नेमका नाही, फायब्रोअ‍ॅडेनोमासारखी कॅन्सर नसलेली साधी गाठ किंवा काखेच्या बाजूच्या छोट्या लिम्फ नोडसारख्या गोष्टीही उजळतात. आधी त्या जागेवर पुन्हा नीट सोनोग्राफी करतात, कुठे बघायचं हे आता माहीत असल्यामुळे बरेचदा तो ठिपका सापडतो आणि तिथूनच सुई घेता येते. नाही सापडला तर एमआरआयमध्येच बघून बायोप्सी करायची सोय असलेलं सेंटर शोधा. त्यासाठी आठवडा-दहा दिवस गेले तरी चालतील, त्याने काही बिघडत नाही.

तो ठिपका कॅन्सर निघाला तरी लगेच सगळं संपत नाही, दोन्ही जागा एकाच कापात काढता येतात का, स्तनाचा आकार किती आहे, यावर सर्जन बोलतील. कधी कधी तेव्हा पूर्ण काढणंच बरोबर असतं. पण साधा निघाला तर मूळचा प्लॅन तसाच ठेवा.

घरच्यांच्या "रिस्क नको" वर दोन शब्द, कारण त्यांची भीती मला समजते. स्तन वाचवून ऑपरेशन आणि त्यानंतर रेडिएशन, विरुद्ध पूर्ण स्तन काढणं, यांची तुलना करणारे इटली आणि अमेरिकेतले दोन अभ्यास आहेत, त्यांचे वीस वर्षांनंतरचे निकाल २००२ मध्ये आले आणि दोन्हीत बायकांचं आयुष्यमान सारखंच निघालं. पूर्ण काढलं म्हणजे जास्त जगणार हे आकड्यांत दिसत नाही. आणि ऑपरेशनआधी सगळ्यांचाच एमआरआय केला तर पुन्हा ऑपरेशन करायची वेळ कमी येते का, हे ब्रिटनमध्ये १,६०० हून जास्त बायकांमध्ये बघितलं होतं, २०१० साली निकाल आला, दोन्ही गटांत १९ टक्के. म्हणून मी प्रत्येकीला ऑपरेशनआधी एमआरआय लिहून देत नाही. लोब्युलर प्रकार असेल, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीत गाठीचं माप जुळत नसेल, काखेत कॅन्सरची गाठ आहे पण स्तनात काहीच सापडत नाही असं असेल, तिथे जरूर लिहिते, तिथे त्याच्याइतकी मदत दुसरी कुठलीच तपासणी करत नाही.

मिसेसना बायोप्सीपर्यंत थांबायला सांगा, आणि त्या डॉक्टरांकडे जातील तेव्हा त्यांना स्वतःला बोलू द्या, स्तन त्यांचा आहे.

प्रश्न: मला ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सर आहे (ईआर, पीआर, हर२ तिन्ही निगेटिव्ह), आधी किमो दिली. सुरुवातीला गाठ ३.५ सेंटिमीटर होती, किमो संपल्यावर एमआरआयमध्ये काहीच दिसत नाही. गाठ गेलीच आहे तर ऑपरेशन का करायचं?

उत्तर: सगळ्यात आधी, इतकी किमो सोसून एमआरआय असा आला ही फारच छान गोष्ट आहे, मनापासून आनंद झाला. किमोला गाठ किती दाद देतेय हे मोजायला हाताने तपासणी, मॅमोग्राफी, सोनोग्राफी या सगळ्यांपेक्षा एमआरआय बरा, आणि ट्रिपल निगेटिव्ह, हर२ पॉझिटिव्ह प्रकारांत तर त्याचा अंदाज जास्त बरोबर येतो, हार्मोन पॉझिटिव्हमध्ये थोडा कमी.

तरीही ऑपरेशन हवं. किमोने गाठीच्या रक्तवाहिन्याच आक्रसतात, काँट्रास्ट शिरत नाही आणि मग विखुरलेल्या थोड्या पेशी उरल्या असल्या तरी फोटो स्वच्छ येतो. एमआरआयमध्ये काही नाही आणि पॅथॉलॉजीत काही नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरी फक्त काढलेला भाग मायक्रोस्कोपखाली बघूनच कळते. आणि ते कळण्यावर पुढचं औषध ठरतं. काहीच उरलं नसेल तर उत्तम, उरलं असेल तर ट्रिपल निगेटिव्हमध्ये ऑपरेशननंतर जास्तीची औषधं देतात आणि त्याचा फायदा होतो हे दाखवलं गेलंय. ऑपरेशन टाळलंत तर ही माहितीच मिळणार नाही. निवडक बायकांत ऑपरेशनशिवाय चालेल का यावर अभ्यास सुरू आहेत, पण ते अजून अभ्यासाच्या चौकटीतच आहेत.

एक तपासून घ्या, किमोच्या आधी किंवा सुरुवातीला गाठीत बारीक टायटॅनियमची क्लिप टाकली होती का? गाठ नाहीशी झाली की सर्जनला नेमकं कुठलं काढायचं हे त्या क्लिपवरूनच कळतं. ज्यांची किमो आता सुरू होणार आहे त्यांनी हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. क्लिप असली तरी एमआरआय करता येतो.

प्रश्न: वय ३८, एमआरआय सांगितलाय पण मला बंद जागेत गुदमरल्यासारखं होतं. शिवाय बाळाला अंगावर पाजते. काही उपाय?

उत्तर: ब्रेस्ट एमआरआयमध्ये पालथं झोपायचं असतं, स्तन खाली दोन खळग्यांत सुटे राहतात, मॅमोग्राफीसारखं दाबत नाहीत. तोंड खाली असल्यामुळे समोर मशीनची भिंत दिसत नाही, बऱ्याच जणींना हे उताणं झोपण्यापेक्षा सोपं जातं. बऱ्याच मशीनमध्ये पाय आधी आत नेता येतात, तसं विचारा. आवाज मोठा असतो, कानाला लावायला देतात, हातात एक बटण किंवा फुगा असतो, दाबला की लगेच थांबवतात. एकूण अर्धा-पाऊण तास. जास्तच त्रास असेल तर आधी सांगून गोळी घेऊन जा, मग सोबत कुणीतरी हवं. काही ठिकाणी दहा मिनिटांत होणारा छोटा एमआरआयही मिळतो, पण तो मुख्यतः स्क्रीनिंगसाठी, तुम्हाला कशासाठी सांगितलाय त्यावर ते ठरेल.

दूध बंद करायची गरज नाही. गॅडोलिनियमचा ०.०४ टक्क्यांपेक्षाही कमी भाग दुधात येतो आणि बाळाच्या पोटातून त्यातलाही अगदी थोडा शोषला जातो. फक्त तपासणीच्या आधी बाळाला पाजून किंवा दूध काढून स्तन रिकामे करून जा, फोटो चांगले येतात. गरोदर असाल तर मात्र हे काँट्रास्ट टाळतात, तेव्हा शंका असेल तरी सांगा.

पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली जुनी क्लिप, डोळ्यात गेलेला धातूचा कण, स्तन पुन्हा बनवण्यासाठी घातलेला टिश्यू एक्सपांडर, हे सगळं फॉर्मवर लिहा आणि तोंडीही सांगा. एक्सपांडरमध्ये बरेचदा लोहचुंबक असतो आणि त्याचा उल्लेख करायचा राहून जातो. नव्या पेसमेकरमध्ये एमआरआय जमू शकतो, त्याचं कार्ड घेऊन जा. किडनीचा त्रास असेल तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट आधी दाखवा.

प्रश्न: सौंदर्यासाठी सिलिकॉन इम्प्लांट घातलेत, एका बाजूचा आकार बदलल्यासारखा वाटतो. एमआरआयमध्ये कळेल?

उत्तर: हो, इम्प्लांट आतल्या आत फुटलाय का हे एमआरआयमध्ये सगळ्यात चांगलं कळतं, आणि नुसतं तेवढंच बघायचं असेल तर काँट्रास्टही लागत नाही. पण काँट्रास्टशिवायच्या एमआरआयमधून कॅन्सर नाही असा अर्थ काढू नका. गाठही लागत असेल तर तसं स्पष्ट सांगा म्हणजे तपासणी वेगळी करतील.

प्रश्न: आईचं ऑपरेशन आणि रेडिएशन होऊन सहा वर्षं झाली, ती आता ६६ वर्षांची आहे. कॅन्सर परत आलाय का बघायला दर वर्षी ब्रेस्ट एमआरआय करावा का?

उत्तर: काही त्रास नसेल तर दर वर्षी मॅमोग्राफी आणि डॉक्टरांकडून तपासणी पुरते. पहिलं निदान पन्नाशीच्या आत झालं असेल किंवा स्तन डेन्स असतील तर दर वर्षीच्या एमआरआयचा विचार करतात. ऑपरेशनच्या जागी काही घट्ट लागतंय आणि ते जुना व्रण आहे की नवीन काही हे मॅमोग्राफी-सोनोग्राफीत ठरत नसेल, तिथेही एमआरआय कामाला येतो, जुना व्रण सहसा काँट्रास्ट घेत नाही. हाडं, लिव्हर, फुप्फुस यांच्याबद्दल मात्र ब्रेस्ट एमआरआय काही सांगत नाही. आईला सतत एकाच जागी हाड दुखणं, न थांबणारा खोकला, कारण नसताना वजन उतरणं असं काही होत असेल तर पुढच्या वर्षीच्या तपासणीची वाट न बघता आत्ताच तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा, त्यासाठी वेगळे स्कॅन असतात.